तीनशे सोळा वजनाचा चोर

जतकडच्या माळावर म्हाळाप्पाचा मेंढरांचा कळप होता. त्यातला तुफान नावाचा मेंढा एवढा थोर, की त्याच्या एका शिंगावर कावळ्यानं घरटं केलेलं आणि दुसऱ्यावर लेकाचा संसार थाटून दिलेला. हसू नका, पिल्लं मी स्वतः मोजलीत!

तर त्या साली चंद्रावरच्या वसाहतीला पहिलं मटण म्हाळाप्पाच्या कळपातलं जायचं होतं. रॉकेट तयार. अट एकच: मेंढरांच्या ऊतींत (मांस, चरबी, यकृत असे शरीराचे भाग) कीटकनाशक सापडता कामा नये. तपासायला तोलाराम नावाचा यंत्रमानव आला. त्यानं बारीक सुईनं प्रत्येकाच्या यकृताचा (म्हणजे कलेजीचा) कण काढून त्यातले रेणू तोलले.

"या भागातल्या कीटकनाशकाच्या रेणूचं वजन तीनशे," तो म्हणाला. "तीनशेचा एकही सापडला नाही. कळप पास!"

म्हाळाप्पानं भंडारा उधळला. त्याची दहा वर्षांची लेक मायाक्का मात्र गप्प.

"काय गं, तोंडात गूळ धरलायस काय?"

"आबा, आठ दिवसांमागं आपण खतासाठी मेंढरं डाळिंबाच्या बागेत बसवली ना? फवारलेली पानं खाल्ली त्यांनी. मी बघितलंय. मग औषध गेलं कुठं?"

"गप की! हातातला चंद्र घालवतीस व्हय?"

"माणसं खाणार हायत ते, आबा."

तोलारामचे दिवे लुकलुकले. "चुकलो, ताई. यकृत परकं रसायन आहे तसं ठेवत नाही. कधी तोडतं, कधी त्याला ऑक्सिजनचा अणू चिकटवतं. त्याचं वजन सोळा."

"म्हणजे चोरानं टोपी घातली, आन् तू बोडका चोर हुडकत बसलास!" मायाक्का म्हणाली.

तोलारामनं परत तोललं. तीनशे सोळा! बारा मेंढरांत सापडलं, तुफानातसुद्धा.

"हा चयापचयज (शरीरानं औषध बदलून केलेला पदार्थ). कधीकधी हाही बाधतो. म्हणून दोन्ही मोजायचे."

म्हाळाप्पानं उरलेला भंडारा परत पिशवीत भरला. पण उपाय होता: चाळीस दिवस स्वच्छ चारा. तेवढ्या दिवसांत औषध लघवीवाटे निघून जाणार होतं. तोवर चंद्रावरची माणसं डाळभात खात बसली.

एकेचाळिसाव्या दिवशी तोलाराम म्हणाला, "तीनशे, शून्य. तीनशे सोळा, शून्य. चला!"

"चरबी बघितलीस?" मायाक्कानं विचारलं. "आन् मूत्रपिंड? चोर तिथंबी दडला असंल."

"अजून नाही, ताई."

तेवढ्यात रॉकेटवाल्यांचा फोन आला. म्हाळाप्पानंच उचलला आणि छाती काढून म्हणाला, "चंद्राला सांगा, थांब म्हणावं जरा. माझी लेक अजून तपासतीय!"