जादू विभागात टाकलेली घडी

हातरुमालाएवढा कागद काडेपेटीएवढ्या घडीत मावतो आणि समोरासमोरचे दोन कोपरे ओढताच पुरता पसरतो, हे कसे घडते?

सन २०७४. सांगलीच्या बालविज्ञान प्रदर्शनात शाल्मली चौगुलेने ते करून दाखवले आणि 'निकष' नावाच्या परीक्षक यंत्रमानवाने निकाल दिला, "विभाग : जादू व करमणूक."

शाल्मली संतापली. विद्यार्थ्यांच्या उपग्रहाचे सौरपंख (उन्हापासून वीज करणारे पातळ पत्रे) कोणत्या पद्धतीने दुमडायचे, ते फक्त विज्ञान विभागातून निवडले जाणार होते. त्यासाठीच तिने तीन महिने कागद मोडले होते.

"जादू? कोणी सांगितलं तुला?"

"माझ्या नियमावलीने. परीक्षकास जे उलगडत नाही, ती जादू."

"वा रे शहाण्या!" तिचे आजोबा, निवृत्त अवकाश-अभियंते गुंडोपंत, कडाडले. "न कळणे ही पाहणाऱ्याची अवस्था आहे, कागदाचा गुण नव्हे! शाल्मली, दे त्याच्या हातात."

"घे. जादूगार बाहीत काहीतरी लपवतो. माझ्या कागदावर सगळं उघडं आहे. एका बिंदूत घडीच्या किती मोडी येऊन मिळतात, मोज."

निकषने कागद निरखला. "चार."

"त्यांत डोंगरमोडी (वर उठलेल्या) किती, दरीमोडी (आत दबलेल्या) किती?"

"तीन आणि एक. शेजारच्या बिंदूत एक आणि तीन. सर्वत्र फरक दोनचाच."

"आता दोन-दोन करून सपाट घडी घालून दाखव."

निकषने प्रयत्न केला. कागद फुगला, चुरगळला. सपाट काही होईना.

"होणारच नाही! आणि इथे प्रत्येक मोड शेजारणीला बांधलेली आहे. एक हलली की सगळ्यांना हलावंच लागतं. म्हणून दोन कोपरे ओढले तरी पुरतात. यात मंतर कुठे आहे, दाखव ना!"

निकषने कोरा कागद घेतला, तिच्या कागदावरून आखला, मोडी घातल्या आणि कोपरे ओढले. कागद सरसर पसरला.

"हे मी केले," तो सावकाश म्हणाला, "आणि मी जादूगार नाही. विभाग : विज्ञान."

"आणि तो नियम?" आजोबांचा राग अजून उतरला नव्हता. "उद्या दुसऱ्या पोराला लावशील!"

निकष पुढच्या टेबलाकडे वळला. तिथे एका मुलाची सुई पाण्यावर तरंगत होती.

"मला हे उलगडलेले नाही," निकष त्याला म्हणाला. "शिकवशील?"