बारा अमावास्यांचे पाणी

एका मुलीची वर्षभराची मेहनत चोरीला गेली होती आणि महाविद्यालयाने मोठ्या तत्परतेने चोर म्हणून तिलाच पकडले होते. दुपारी चारला समिती तिची संशोधनाची नोंदणी रद्द करणार होती.

ढोकीची सबिहा खासगी तपासनीस राजेश्वरीबाईंसमोर ताठ बसली होती.

"दर अमावास्येला येडशीहून रेल्वेनं मिरज, पुढं एसटीनं रत्नागिरी. मोठ्या भरतीला खाडीत जाळं टाकून प्लवक गोळा केले, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. तिथंच आयोडीन घालून बाटल्या बंद केल्या. आता म्हणतात, यात तळ्यातले जीव आहेत. ही समुद्रावर गेलीच न्हाय."

बाईंचा सहायक साजिद वहीत टिपून घेत होता. मुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हते, संताप होता. खोटे बोलणाऱ्याला इतका संताप झेपत नाही, एवढे त्यालाही कळले.

प्रयोगशाळेत बारा बाटल्या मांडल्या होत्या. पाणी नितळ, वास फॉर्मेलिनचा, नाकाला झोंबणारा. प्रत्येकीत पेन्सिलीने तारीख घातलेली चिठ्ठी बुडालेली; अक्षर सबिहाचे, कागद तपकिरी.

"आमी निस्त्या बाटल्या धुतो," मदतनीस शंभुलिंग म्हणाला. "आतलं कागूद-बिगूद समदं मोरीत. फॉर्मेलिनच्या कपाटाला तर आमचा हातबी न्हाय. किल्ली सरांच्या खिशात."

वर्गमित्र श्रीनाथ कुरकुरला, "माझं तिचं पटत न्हाय, खरंय. पण दोनदा सोबत गेलो होतो. तिच्या आयोडीननं माझा लग्नातला शर्ट तपकिरी झाला, आई अजून बोलती."

मार्गदर्शक प्राध्यापक महारुद्र खिन्न दिसत होते. "तिच्या प्रबंधाच्या पानापानावर माझी सही आहे. विश्वासघात झाला माझा."

"नमुने टिकवायला तिनं काय घातलं, सर?" राजेश्वरीबाईंनी विचारले.

"फॉर्मेलिन, अर्थात. तीस वर्षं मी तेच घालतो."

चार वाजता राजेश्वरीबाई समितीसमोर उभ्या राहिल्या.

"चिठ्ठ्या तपकिरी, पाणी नितळ. म्हणजे कागद आयोडीनमध्ये मुरला; हे पाणी मागाहून आलं. शंभुलिंगनं बदललं असतं, तर चिठ्ठ्या मोरीत गेल्या असत्या. श्रीनाथनं बदललं असतं, तर त्यानं आयोडीनच घातलं असतं. चिठ्ठी जपणारा, फॉर्मेलिनची किल्ली बाळगणारा आणि प्रबंधात आयोडीन लिहिलेलं असूनही तो न वाचताच सही करणारा माणूस एकच आहे. किल्ली, सर."

साजिदने वही चाळली. हे सगळे धागे त्याने स्वतःच टिपले होते, जुळवले मात्र नव्हते.

कपाटात चहाच्या रंगाच्या बारा बाटल्या निघाल्या. त्यांवर नवी लेबले होती: 'संशोधक: महारुद्र.'

अध्यक्ष खाकरले. "संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे. आपसांत मिटवू."

"मुलीच्या नावाचा प्रश्न होता, तेव्हा तुम्ही नोटीस फलकावर लावली," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "फलक अजून तिथंच आहे."

"मग... काय लिहू?"

"पहिल्या ओळीत माझी नोंदणी कायम," सबिहा म्हणाली. "दुसऱ्या ओळीत सरांचं नाव. पूर्ण."

अध्यक्षांनी लेखणीचे टोपण काढले.