पडताळणीतला आवाज

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या, उज्वलाच्या बाबतीत घडलंय. आणि पदरचं घालून सांगणाऱ्यातली ती नाही.

साल १९९४. वाशीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग चालायचा. पुढे बाकं, मागे पुस्तकांचे लोखंडी रॅक. शनिवारची भर दुपार होती. रात्रबित्र नव्हती हो!

त्या दिवशी पुस्तकांची पडताळणी होती. म्हणजे सुभाष सरांनी टेबलाशी बसून पुस्तकाचा नंबर पुकारायचा, आणि रॅकमध्ये उभ्या असलेल्याने ते सापडलं की ओरडायचं, "आहे!"

आधीच्या पडताळणीला हे काम सुनयनाकडे होतं. जवळच्या तळवली गावातली पोर. ती "आहे"ऐवजी "हाय!" म्हणायची. तिच्या घरी सगळे तसंच बोलायचे.

उज्वला नकला करण्यात पटाईत. तिने तो "हाय" असा काही उचलला की वर्ग पोट धरून हसला. मग रोजच. सुनयना दिसली की "हाय!"

सुनयना यायचीच बंद झाली. पुढे तिला कावीळ झाली, आणि त्यातच ती गेली.

आता रॅकमध्ये उज्वला उभी होती. लाइट गेलेली. पंखे बंद.

सरांनी नंबर पुकारला. उज्वला पुस्तक शोधत होती, तेवढ्यात...

"हाय!"

शेवटच्या रॅकमागून.

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. उज्वलाने वाकून पाहिलं. रॅकमागे भिंत. मधे वीतभरही जागा नाही.

सरांनी पुढचा नंबर घेतला.

"हाय!"

या वेळी... अगदी तिच्या कानाशी.

"उज्वला!" सर कडाडले. "मेलेल्या मुलीची टिंगल करतेस? लाज कशी वाटत नाही तुला?"

"सर, आईशप्पथ, मी नाही..." म्हणत ती बाहेर आली, आणि जागीच थिजली.

दारात एक बाई उभी होती. छातीशी वर्गाची दोन पुस्तकं. रंगूबाई, सुनयनाची आई. लेकीने नेलेली पुस्तकं परत करायला आली होती.

"आवाज माज्या सुनयनाचा हाय," ती म्हणाली. "माजी पोर... मेल्यावर पन हितंच अडकली का गो?"

काय सांगावं, ते उज्वलाला कळेना. खरं सांगावं, तर या माऊलीने आयुष्यभर लेक भटकतेय म्हणून झुरायचं. खोटं सांगावं, तर...

"मी काढला आवाज, मावशी," ती म्हणाली. "मी तिची नक्कल करते."

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

रंगूबाई जवळ आली. आता थोबाडीत बसणार. बसावीच, असं उज्वलाला मनापासून वाटलं.

"येकदा परत काढ गो," रंगूबाई म्हणाली. "कान तरसलं माजं."

उज्वलाने तोंड उघडलं. आवाज फुटेना.

रंगूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"आयकलं गो," ती म्हणाली. "अगदी तिच्यासारकं."

उज्वलाने आवाज काढलाच नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या, वर्गातल्याच नंदिनीलाही काही ऐकू आलं नव्हतं.

रंगूबाईने उज्वलाच्या डोक्यावर हात ठेवला. "माज्या पोरीची मैत्रीन ना तू?"

आणि उज्वलाने... मान हलवली. हो म्हणून.

तो आवाज कुणाचा होता, हे तिला आजही माहीत नाही. मलाही नाही. आवाजाची भीती कधीच गेली, असं मावशी म्हणते. पण आजही कुणी आशीर्वादाला तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलं, की ती झटकन डोकं मागे घेते.