खांद्यावरची चुणी

राजारामपुरीत आठव्या गल्लीत माझं बुटीक आहे. गेल्या वर्षापासून गिऱ्हाइकांच्या अंगात जपान आलंय. नकाशात जो देश सापडणार नाही, त्याचं जॅकेट त्यांना नऊवारीवर घालायचं असतं. मी शिवून देते. हसायचं ते त्या पायऱ्या उतरल्यावर हसते.

जुने किमोनो मुंबईचा एक व्यापारी गठ्ठ्यानं पाठवतो. मी ते कापून जॅकेटं करते. मे महिन्यातल्या गठ्ठ्यात एक लहान मुलीचा निघाला. लाल रेशीम, पांढरी फुलं, कापराचा वास. दोन्ही खांद्यांवर आणि कमरेला कापड दुमडून हातानं टाके घातले होते. पोर वाढेल तशी चुणी सोडायची. आपल्याकडे परकराला करतात तेच. मानेखाली पाठीवर मात्र लाल दोऱ्याचे काही टाके उभे घातले होते.

"हे रफू काढून टाक," मी रशिदाला म्हणाले.

रशिदा बारा वर्षं माझ्याकडे शिवते. तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं.

"रफू न्हाय ह्ये, ताई. कापड फाटलंयच कुठं? पोरीला नजर लागू नये म्हणून आईनं घातल्यालं दिसतंय. आपण काजळाची तीट लावतो की, तसं."

"जपानी कधी शिकलीस?"

तिनं किमोनो माझ्याकडे सरकवला. टाके मीच उसवले. पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खांद्यांच्या चुण्या अर्धा-अर्धा इंच सोडलेल्या होत्या. सुटलेल्या नव्हत्या. जुने टाके काढून पांढऱ्या दोऱ्यानं नवे घातले होते, तांदळाच्या कणीएवढे, एकसारखे. रशिदाला इतकं बारीक कधीच जमलेलं नाही, पण दुकानात सुई धरणारी दुसरी होती कोण?

"नाटकं बंद कर," मी म्हणाले.

"अम्माची आण, मी हातबी लावला न्हाय."

मी किमोनो लोखंडी कपाटात ठेवला. किल्ली पर्समध्ये टाकली. तीन दिवस रोज सकाळी पट्टी लावून मोजलं. रोज अर्धा इंच. चौथ्या दिवशी कमरेची चुणी सोडलेली होती. काढलेला दोरा कागदाच्या घडीवर नीट गुंडाळून कपाटातच ठेवला होता.

त्या दुपारी प्रियदर्शनी मोहिते आली. बहिणीच्या संगीतला तिला जपानी दिसायचं होतं. बांगड्यांनी भरलेले हात बघून मला काय वाटलं ते सोडा. कापण्याआधी अंदाज यावा म्हणून मी तिला कपाटातला किमोनो नुसता खांद्यावर टाकायला दिला. तिनं एका बाहीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"कुणी अंगातनं काढलाय आत्ता हा?"

"कुणी नाही. का?"

"आतनं गरम लागतंय." ती पर्स उचलून निघाली. "दुसरा काढून ठेवा. नंतर येते."

मी बाहीत हात घातला. कापड ऊबदार होतं. काखेत घामाचा दमट ओलावा होता.

रशिदा मशीनवरून उठली. चष्मा डबीत ठेवला.

"ताई, ते टाके परत घाला. न्हाईतर मी यायची न्हाय."

"नको येऊस. शिवणाऱ्या बायका पैशाला पासरी मिळतात."

ती गेली. मी किमोनो टेबलावर पसरला, कात्री घेतली. खांद्यावर, कमरेवर एकही चुणी उरली नव्हती. होतं तेवढं कापड पूर्ण सोडलेलं होतं.

वाढायला आता त्यात जागा नव्हती.

मी कापला. आठ तुकडे केले. काही झालं नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं. दाराआड माझा निळा कुर्ता टांगलेला असतो, कामाच्या वेळी घालायचा. तो अंगात जाईना. उजेडात धरला. दोन्ही खांदे, कंबर, बाह्या दुमडून बारीक पांढरे टाके घातले होते. पट्टी लावली. सात-आठ वर्षांच्या पोरीचं माप होतं.

कुर्त्याच्या खिशात हात घातला. काहीतरी टोचलं.

दुधाचा दात होता. मुळाशी रक्त अजून ओलं होतं.