दहा टिचक्यांचं शून्य

"आता पुरे झालं," मामा म्हणाला. "उद्या दुपारी माणूस येईल, बटणांचा नवा फोन लावेल आणि हा डबा घेऊन जाईल."

डबा म्हणजे आजोबांचा काळा, जडशीळ, तबकडीचा फोन. महिनाभर त्याच्या अंगात आलं होतं. कुठलाही नंबर फिरवा, लागायचा भलतीकडेच. कोपऱ्यावरचा शिंपी तर आता मुलांना नुसत्या आवाजावरून ओळखायला लागला होता.

आजोबांचा सारा जन्म असले फोन दुरुस्त करण्यात गेला होता. पण दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही बसली. मामाचं बोलणं ऐकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मान अवघडली असेल म्हणून मामाने उशी सारखी केली.

सुट्टीला आलेल्या टिकलीने ते पाणी पाहिलं आणि ठरवलं, हा फोन जाता कामा नये.

तिचा चष्मेवाला मावसभाऊ प्रोफेसर लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला. त्याने फोनचं पोट उघडलं, सगळ्या तारा ओढून पाहिल्या, पुन्हा बंद केलं. फोन होता तसाच राहिला, शिवाय एक स्क्रू उरला. टिकलीचा धाकटा भाऊ शेपूट म्हणाला, तो स्क्रू मला द्या. दोघांनी त्याला गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं आजोबांच्या पलंगापाशी तोंड पाडून बसली. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. टिकलीची बोटं सवयीने स्टुलावर वाजायला लागली. ह्या सवयीपायी तिने घरी कितीदा बोलणी खाल्ली होती. थोड्या वेळाने आजोबांचा डावा हातही पलंगाच्या दांडीवर वाजायला लागला.

"घ्या, तुझा रोग त्यांनाही लागला," मामा जाता जाता म्हणाला.

पण आजोबा थांबून थांबून वाजवत होते, आणि फिरून तेच. टिकली मोजू लागली, शेपूट पाटीवर लिहू लागला. तीन, दहा, दोन, सहा, चार.

"फोन नंबर म्हणावा, तर दहा हा आकडाच नसतो," प्रोफेसर म्हणाला.

टिकलीने तबकडीकडे पाहिलं. नवानंतरचं भोक शून्याचं होतं. दहावं.

तिने तीन शून्य दोन सहा चार फिरवलं. शिंप्यानेच उचलला.

आजोबांनी मान हलवली, नाही. त्यांनी बोट उचललं आणि हवेत खाली दाबलं. तिने फोन पलंगावर ठेवला. रिसीव्हर ज्यावर ठेवतात त्या खटक्यावर त्यांचं बोट कसंबसं पोचलं, पण दाबायचं बळ त्यात नव्हतं. ते घसरलं. पुन्हा घसरलं. टिकलीला ते बघवेना. तिने रिसीव्हर कानाला लावला आणि स्वतःच खटका दाबायला घेतला. खट खट खट. थांबा. मग दहा वेळा. दोनदा चुकलं. तिसऱ्या वेळी घंटी गेली आणि एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. टिकलीने एका दमात सगळं सांगितलं.

"खटक्यावरून नंबर लावायला मला त्यानेच शिकवलं. तारा जोडायला आम्ही एकाच खांबावर चढायचो," तो आवाज म्हणाला. "बोट काढल्यावर तबकडी कशी परत येते?"

"झरकन. मागे कुणी लागल्यासारखी."

"मग कुणीतरी तिला तेल पाजलंय. घाईत तिचे आकडे चुकतात."

टिकलीने मागे पाहिलं. दारात मामा उभा होता आणि छताकडे बघत होता. शिवणयंत्राचं तेल त्यानेच घातलं होतं, फोन छान चालावा म्हणून.

आजोबांच्या ह्या मित्राने सांगितलं तसं प्रोफेसरने तबकडीमागची इवलीशी वाटी उघडली आणि औषधांच्या ताटातलं स्पिरिट घेऊन कापसाने कोरडी केली. उरलेल्या स्क्रूचीही जागा सापडली. तबकडी घुर्र करत एका लयीत परत आली. दुपारी माणूस नवा फोन घेऊन आला, तेव्हा मामानेच त्याला दारातून परत पाठवलं.

"माझं चुकलं," तो मुलांना म्हणाला. "डोकं आहे तुम्हाला. माझ्यापेक्षा जास्तच."

मग टिकलीने तबकडी फिरवून नंबर लावला आणि रिसीव्हर आजोबांच्या कानाशी धरला. मित्र बोलत राहिला. आजोबांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. टिकलीचा हात भरून आला, तरी तिने तो हलवला नाही. अखेर आजोबांनी रिसीव्हरवर नखाने टिचक्या मारल्या. पलीकडचं बोलणं थांबलं. मग तिथूनही टिचक्या आल्या.

"काय म्हणतायत?" मामाने हळूच विचारलं. शेपटाने पाटी उचलली.

टिकलीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "मोजू नका," ती म्हणाली. "त्यांचं आपसातलं आहे."