कोरडे तांदूळ

पूर्वेला तांबडं फुटलं, खाडीवरचं धुकं वर सरकलं, फिरंग्यांच्या गलबतांच्या डोलकाठ्या एकेक करून दिसू लागल्या. पण कातळगडावर त्या पहाटे नगारा झडला नाही. तटावरची शिबंदी भाले टेकून उभी होती खरी, पण वेढा घालून बसलेल्या शत्रूकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे आत, गडदेवीच्या देवळाकडे बघत होते. तिथं पायरीखाली दोन माणसं मुसक्या आवळून उभी केलेली होती. काल सांजेला गडावरच्याच पेठेतल्या तानू भंडारणीच्या मांडवात, एकाच मडक्यातली माडी पिऊन, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून गाणी म्हणणारी हीच ती माणसं!

एक होता गोलंदाज धाकोजी पेडणेकर. दर्याबुरुजावरची तोफ त्याची. दुसरा नरसोजी, गडाच्या गलबतावरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. आणि त्यांचा तिसरा सोबती खेमाजी नाईक, चोरदिंडीचा पहारेकरी, तो फिर्यादी होऊन समोर उभा होता.

"सरकार," खेमाजी मुजरा करून म्हणाला, "दिंडीची किल्ली माझ्या कमरेला होती. माडी पिता पिता डोळा लागला. जागा झालो तर करगोटा तुटलेला आणि किल्ली गायब. मांडवात आम्हा तिघांखेरीज कुणी नव्हतं."

चोरदिंडी गडाच्या पायथ्याशी, खडकांवर उघडत असे. ओहोटीला तिथवर होडी लागे. ती किल्ली फिरंग्यांच्या हाती पडली तर कातळगड त्यांचाच झाला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

हवालदार अंबाजीराव गडाचे मुख्य. बोलणं मोजकं आणि तापट. "फितुरीला या गडावर एकच शिक्षा आहे. कडेलोट! दोघेही नाकबूल जाता. ठीक आहे. कौल आता देवीच देईल."

गुरवानं देवीपुढचे कोरे तांदूळ मूठमूठ वाटले. रिवाज असा, की ते चावून केळीच्या पानावर थुंकायचे. चोराच्या तोंडची लाळ भीतीनं सुकते, त्याचं पीठ कोरडं पडतं. सच्चा असेल त्याचं ओलं. फिर्यादीनं मात्र तांदूळ चावायचे नसतात. कुण्या शहाण्यानं हा रिवाज घातला कोण जाणे! अहो, रात्रभर अंधारकोठडीत पाण्याच्या थेंबावाचून ठेवलेल्या, आदल्या सांजेला गळ्यापर्यंत माडी ढोसलेल्या माणसाच्या तोंडाला सकाळी कसलं पाणी सुटणार? दोघांचंही पीठ कोरडंच पडायचं, आणि मग कौल फसला म्हणून देवीपुढे नारळ फोडून दोघांनाही मोकळं करावं लागलं असतं.

तसं झालं नाही. धाकोजीनं चावलं, चावलं, आणि पानावर उडाला तो नुसता भुगा. नरसोजीनं थुंकलं, ते ओलं आणि लिबलिबीत निघालं.

"जय गडदेवी!" गुरव ओरडला.

कारण तिथं जमलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. माडी पिऊन झाली की जीभ जड होऊ नये म्हणून नरसोजी गालात आवळकाठीचा, सुकवलेल्या आवळ्याचा तुकडा धरून ठेवी, अगदी निजेतसुद्धा; त्यानं तोंडाला सारखं पाणी सुटे. तो तुकडा त्या क्षणीही त्याच्या डाव्या गालात होता, आणि तांदूळ तोंडात जाताच त्याला ते उमगलं होतं. थुंकून टाकावा, बोलावं, असं त्याच्या मनात आलं. पण जिवाची भीती वाईट हो! तो चावत राहिला.

धाकोजीला मात्र ती खोड पुरती ठाऊक होती. रोजचा सोबती तो. त्यानं मान वळवली आणि नरसोजीच्या डाव्या गालाकडे टक लावून बघितलं.

"पेडणेकर, काही बोलायचं आहे?" अंबाजीरावांनी विचारलं.

एका शब्दानं त्याचा प्राण वाचला असता. पण मग संशय आपल्या मित्रावर जाईल, हे त्यानं ओळखलं असावं. "इतकंच, सरकार, की किल्ली मी घेतली नाही," तो म्हणाला. "आणि दिंडीवरचा पहारा सोडू नका."

ऊन चढायच्या आत त्याला कड्यावरून लोटलं. खाली पडेपर्यंत तो ओरडला नाही, आणि ते न ओरडणंच नरसोजीच्या कानात दिवसभर घुमत राहिलं. मांडवात गेला, माडी समोर तशीच ठेवून बसला. शेजारी कुणी खाकरल्याचा भास होई. वळून बघावं तर रिकामा पाट. पाण्यात वाकून बघितलं तर आपल्याच चेहऱ्यामागून कुणी गालाकडे निरखून बघतंय असं वाटे. "बघू नको रे धाकू," तो मोठ्यानं म्हणाला, तेव्हा तानू भंडारीण घाबरून आत पळाली.

सांजेला ओहोटी लागली. प्रेताला निदान अग्नी तरी द्यावा, म्हणून नरसोजी तटावरून दोर सोडून खडकांत उतरला. शेवाळावरून घसरत, एकेक घळ धुंडाळत असताना कांदळवनाच्या आडून एक होडी अलगद पुढे येताना त्याला दिसली. मागोमाग वर कडी वाजली. चोरदिंडी आतून उघडली होती, आणि नवं कुलूप घडेपर्यंत जो तिच्यावर पहाऱ्याला ठेवला होता तो खेमाजी दारात उभा राहून होडीला पदर हलवावा तसा शेला हलवत होता. हरवलेली किल्ली कुलपात लटकत होती.

"हरामखोरा!" नरसोजीनं आरोळी ठोकली आणि दारावर झेप घेतली. खेमाजीचा खंजीर त्याच्या खांद्यात रुतला, तरी त्यानं त्याला आत रेटलं, पाठीनं दार लोटलं, किल्ली फिरवली आणि काढून घेतली. बाहेर फिरंगी दारावर कुऱ्हाडी घालू लागले. आरोळी ऐकून शिबंदी धावली. वरून दगडधोंड्यांचा असा मारा झाला, की होडी फुटून गेली.

दुसऱ्या दिवशी खेमाजीनं सगळं कबूल केलं. दिंडी उघडली तरी आळ सोबत्यांवर जावा म्हणून करगोटा त्यानंच तोडला होता. अंबाजीरावांनी सदरेवर नरसोजीसाठी सोन्याचं कडं मागवलं.

"सरकार, थांबावं," खांद्याला पट्टी बांधलेला नरसोजी म्हणाला. "माझे तांदूळ ओले निघाले ते आवळकाठीमुळे. तेव्हाच बोललो असतो तर धाकोजी आज जिवंत असता."

अंबाजीराव जवळ आले, आवाज उतरवून म्हणाले, "तांडेल, देवीचा कौल खोटा पडला असं लोकांत बोलू नये. कडं घ्या आणि गप्प राहा."

"देवी खोटी नाही, सरकार. मी खोटा," तो मोठ्यानं म्हणाला, आणि कडं तिथंच ठेवून निघाला.

तो थेट धाकोजीच्या दारी गेला. काल दिवसभर फितुराचं म्हणून लोक त्या घरावर थुंकत होते. धाकोजीची बायको गोदी उंबऱ्यात बसली होती. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं, धाकोजीचं ते बघणंसुद्धा.

"त्यांना कळलं होतं म्हणता?" तिनं विचारलं.

"होय वहिनी."

"तरी ते गप्प राहिले, तुम्ही वाचावं म्हणून."

"होय."

गोदी उठून उंबऱ्याच्या आत गेली. मग म्हणाली, "त्यांना वाटलं असेल हो भावोजी, की आता तुम्ही बोलाल."

तिनं दार लावून घेतलं.