फिरता फिल्टर

ठरवलेला नावाडी आलाच नाही, म्हणून सोरिया धक्क्यावर समोर दिसली त्या होडीत शिरली. होडीवाल्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला नाही, आणि होडी अशी कलली की तिला त्याचा खांदाच धरावा लागला.

"हात धरला असता, तर थोडक्यात भागलं असतं," तो म्हणाला.

त्याचं नाव वुथी. अर्ध्या वाटेवर तिला कळलं, की परदेशी संस्थेनं तोनले साप सरोवरावरच्या या तरंगत्या गावात घरोघरी पाणी गाळायचे मातीचे फिल्टर वाटले, ते काम सांभाळणारा माणूस हाच. आणि सोरिया राजधानीतून, नोम पेन्हहून आली होती ती त्या मदतीचा लोकांना खरंच उपयोग झाला का, हे बघायला. तिच्या अहवालावर पुढची मदत ठरणार होती… आणि वुथीची नोकरीही.

"म्हणजे तुमच्याशी गोड बोलायला हवं."

"नको. तेही लिहावं लागेल."

पहिलं घर सामुन मावशीचं. फिल्टर कसा आहे? "छान आहे, बाळ." दुसऱ्या घरी छान, तिसऱ्या घरीही छान. या गावात पाहुण्याच्या तोंडावर कुणी वाईट बोलत नाही. कुणी प्रेमानं दिलेल्या वस्तूबद्दल तर नाहीच. वुथी मात्र दर वेळी होडी कमळांच्या पलीकडून लांबून लांबून आणत होता. मध्येच पावसाची सर आली, तेव्हा त्यानं मुकाट्यानं आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. तिला ते आवडलं – आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला.

चौथ्या घरी ती थबकली. फिल्टरच्या झाकणाचा कोपरा उडालेला होता. आधीच्या तिन्ही घरांतही नेमका तोच कोपरा… आणि मागच्या दारानं सामुन मावशीची होडी लगबगीनं सटकत होती.

"वुथी, एकच फिल्टर माझ्या पुढे पुढे पळतोय ना?"

त्यानं सटकणाऱ्या होडीकडे पाहिलं.

"आणि तुम्ही मला मुद्दाम लांबून आणताय."

"हो," तो म्हणाला. "पाणी चढलं-उतरलं की गाव घरं ओढून दुसरीकडे नेतं. त्यात मातीची भांडी तडकतात. फुटलं म्हणून सांगायची यांना लाज वाटते. देणाऱ्याला वाईट वाटेल ना."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

"मला… नोकरीची भीती."

दुसऱ्या दिवशी गावाची आणि संस्थेच्या लोकांची बैठक बसली. बहुतेक फिल्टर फुटलेत, असं सोरियानं सांगितलं. संस्थेच्या साहेबांनी रोखून वुथीकडे पाहिलं. त्याला गप्प बसता आलं असतं. पण तो उठला.

"फुटलेत, आणि मला ते माहीत होतं. काल यांना मीच फिरवलं. मावशीला काही बोलू नका."

"फुटले तरी पाणी गाळलेलंच पितो आम्ही," सामुन मावशी मागून म्हणाली. "चांगला फिल्टर असेल त्या घरून हाच पोरगा रोज सगळ्यांना पाणी पोचवतो. लेकरांची पोटं आता बिघडत नाहीत."

सोरियानं आजवर गावोगाव चुका झाकणारी माणसं पाहिली होती, फार हुशार माणसं. स्वतःची चूक भर सभेत अशी उचलून दाखवणारा तिला पहिल्यांदाच भेटला होता. त्याच्याबद्दलच्या आदरानं तिचा ऊर भरून आला, आणि हा नुसता आदर नाही हे तिला कळून चुकलं.

संध्याकाळी तो तिला सोडायला धक्क्यावर आला.

"अहवाल पाठवला," ती म्हणाली. "मदत चालू ठेवा, पण न तडकणारी भांडी द्या, असं लिहिलंय. लांबून फिरवलं, तेही लिहिलंय."

"लिहायलाच हवं होतं."

"नोकरीचं माझ्या हातात नाही, वुथी."

"माहीत आहे."

"माझं काम संपलंय. आता एक विचारू?… मी कशी वाटते तुम्हाला?"

विचारलं आणि तिनं जीभ चावली. या गावचं उत्तर तिला पाठ होतं.

वुथीनं बराच विचार केला. "होडीत वाकड्या बसता. एक उत्तर पुरं होण्याआधी दुसरा प्रश्न विचारता. आणि काल मावशीनं वाढलेला भात निम्मा टाकलात."

सोरियाचे डोळे भरून आले. या गावात 'छान' सोडून दुसरं उत्तर तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"आणखी काही?"

"आणखी… जाऊ नये तुम्ही, असं वाटतंय."

"रविवारी येते," ती म्हणाली. "भात कमी वाढा."